नवे शस्त्र आणि नवे केलेले शस्त्र

कारखान्यात परत जाऊन, दुरुस्त होऊन पुन्हा विक्रीला आलेले पिस्तूल घ्यावे की कोरे करकरीत, हा प्रश्न वरवर पाहता पैशाचा आहे. हाताशी रक्कम बेताची असली की माणूस दोन किमती शेजारी मांडतो आणि फरकाचे पैसे मोजतो. शस्त्राच्या बाबतीत मात्र या हिशेबाखाली तीन जुने प्रश्न दडलेले असतात. सुटे भाग बदललेली वस्तू पहिलीच राहते की दुसरी होते? आधीच्या मालकाच्या हातून त्या शस्त्राने जे घडले असेल, त्याचा काही अंश नव्या मालकाकडे येतो का? आणि ज्या वस्तूची चूक दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकते, तिच्यात काटकसर हा गुण ठरतो की दोष? पहिला प्रश्न तत्त्वज्ञानाचा, दुसरा धर्माचा आणि तिसरा नीतीचा आहे. भारतीय दर्शनांनी तिन्हींचा कसून विचार केला आहे.

दुरुस्तीत काय होते

अमेरिकेसारख्या देशात पोलीस दलांनी बदलून टाकलेली किंवा ग्राहकांनी परत केलेली पिस्तुले उत्पादक पुन्हा आपल्या कारखान्यात घेतो. ती पूर्ण उघडली जातात. थकलेल्या स्प्रिंगा बदलतात, नळीच्या आतले पीळ तपासतात, झिजलेला चाप आणि घोडा यांची पकड मापात आणतात, बाहेरच्या पोलादावर पुन्हा रंगप्रक्रिया करतात आणि शेवटी गोळी झाडून पाहतात. रिव्हॉल्व्हर असेल तर आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. फिरत्या सिलिंडरचा प्रत्येक कप्पा नळीच्या रेषेत नेमका थांबतो का, आणि सिलिंडर व नळी यांच्यातली फट ठरलेल्या मापात आहे का. या दोहोंत चूक राहिली तर गोळीचे कण आणि तप्त वायू बाजूला उडून झाडणाऱ्यालाच इजा होते. एवढे सगळे झाल्यावर त्या शस्त्राला उत्पादकाची हमी मिळते आणि ते नव्यापेक्षा कमी किमतीत विकले जाते.

ही कल्पना पिंपरी-चिंचवडच्या कामगाराला समजावून सांगावी लागत नाही. पवनेच्या एका अंगाला पिंपळे सौदागरच्या सोसायट्या उभ्या आहेत, तर नदी ओलांडून नाशिक फाट्यावरून पुढे गेले की भोसरीची एमआयडीसी आणि त्यापलीकडे चाकणचा पट्टा लागतो. तिथल्या लहान कारखानदारांपैकी अनेकांची सुरुवात रिकंडिशन केलेल्या लेथवर किंवा मिलिंग मशीनवर झालेली असते. बेड घासून सरळ केला, स्पिंडलचे बेअरिंग बदलले, गेज लावून माप पाहिले, की जुने मशीन कामाला लागते. मापात न बसलेल्या पण सुधारता येणाऱ्या मालाला तिथे ‘रीवर्क’ म्हणतात, तर सुधारता न येणाऱ्याला ‘रिजेक्ट’. या दोन शब्दांत एक तत्त्व आहे. रीवर्क झालेल्या मालाची तपासणी नव्या मालाइतकीच कडक असते, कारण गाडीत बसल्यावर तो भाग कुठल्या वाटेने आला हे ब्रेकला कळत नाही.

कोरी वस्तू म्हणजे निर्दोष वस्तू, हा समजही यंत्रशास्त्रात टिकत नाही. यंत्रांच्या बिघाडाचा आलेख पुष्कळदा सुरुवातीला उंच, मध्ये सपाट आणि शेवटी पुन्हा उंच असतो. जुळणीतल्या चुका पहिल्या वापरात उघड होतात, झीज शेवटी दिसते. उघडून, तपासून, झाडून पाहिलेले शस्त्र या आलेखाच्या मधल्या सपाटीवर असू शकते. मात्र ते तसे आहे हे कोणी पाहिले आणि कोणी सही केली, यावर सगळे अवलंबून राहते.

तेच की दुसरे

समजा, एका रिव्हॉल्व्हरची नळी, सिलिंडर, स्प्रिंगा आणि मूठ बदलली. ते आता पहिलेच रिव्हॉल्व्हर आहे का? प्लुटार्कने थीसियसच्या जहाजाबद्दल हाच प्रश्न नोंदवला होता. त्याच्या सडलेल्या फळ्या एकेक करून बदलत गेल्या आणि जहाज तेच की वेगळे यावर तत्त्वज्ञांत वाद चालू राहिला. भारतात या प्रश्नाला निदान तीन उत्तरे मिळाली.

न्याय-वैशेषिकांचे उत्तर सर्वांत कठोर आहे. त्यांच्या मते अवयवी, म्हणजे पूर्ण वस्तू, ही अवयवांच्या बेरजेहून वेगळी अशी खरी वस्तू असते. म्हणूनच एक जरी अवयव काढला तरी तो अवयवी नष्ट होतो आणि उरलेल्या अवयवांतून दुसरा उत्पन्न होतो. कापडातला एक धागा ओढून काढला की आधीचे कापड संपले, हाती उरले ते नवे ‘खंडपट’. या न्यायाने दुरुस्त केलेले रिव्हॉल्व्हर हे शब्दशः नवे ठरते. ‘हे तेच’ अशी आपली ओळख साम्यामुळे झालेली असते.

बौद्धांचे उत्तर दुसऱ्या टोकाचे आहे. मिलिंदपञ्ह या ग्रंथात भदंत नागसेन ग्रीक राजा मिलिंदाला विचारतात, की ज्या रथातून आपण आलात तो रथ म्हणजे नेमके काय. दांडी, आस, चाके, जू यांपैकी एकही रथ नाही आणि त्यांच्याबाहेरही रथ नाही. भाग एकत्र आले की व्यवहारापुरते ‘रथ’ हे नाव लागते. त्याच ग्रंथात रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दाखला आहे. पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत ही एकच नव्हे, पण पूर्णपणे निराळीही नव्हे. या दृष्टीने पाहता ‘तेच की दुसरे’ हा प्रश्नच चुकीच्या जागी उभा आहे. शस्त्राला स्वतःचे असे कायमचे रूप नसते, असतो तो केवळ एकातून एक पुढे चाललेला प्रवाह.

जैनांनी दोन्ही टोके टाळली. तत्त्वार्थसूत्रानुसार सत् वस्तूत उत्पत्ती, नाश आणि स्थैर्य एकाच वेळी असतात. आचार्य समंतभद्रांनी आप्तमीमांसेत यासाठी सोन्याचा दाखला दिला आहे. सोन्याचा घट मोडून मुकुट घडवला. ज्याला घट हवा होता तो हळहळला, ज्याला मुकुट हवा होता तो सुखावला, आणि ज्याला सोने हवे होते त्याला सुखही नाही, दुःखही नाही. तिघांच्या तीन मनःस्थितींना तीन खरी कारणे आहेत, कारण वस्तूच तिहेरी आहे. दुरुस्त पिस्तुलाचे गिऱ्हाईकही असेच तीन प्रकारचे असते. एकाला कोरेपणा हवा असतो, एकाला जुना छाप, तर एकाला फक्त चालणारे यंत्र.

कायद्याने या वादात आपली बाजू निश्चित केली आहे. भारताच्या शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ८ नुसार उत्पादकाचे नाव, क्रमांक किंवा अन्य ओळखचिन्ह नसलेले अग्निशस्त्र विकता येत नाही आणि ते चिन्ह खोडणे हा गुन्हा आहे. कायद्याच्या लेखी शस्त्राची ओळख ठोकलेल्या क्रमांकात असते. भाग बदलले तरी क्रमांक कायम राहिला की मालकीची साखळीही कायम राहते. बौद्धांना मान्य असलेला प्रवाह कायद्याने आकड्याच्या दोरीत ओवला आहे. त्याला शस्त्राच्या सत्तेशी कर्तव्य नाही, उद्या काही विपरीत घडले तर उत्तर कोणी द्यायचे, एवढेच त्याला ठरवायचे असते.

फिरंग: जुन्या पात्याला नवी मूठ

मराठी मुलखाला दुरुस्त करून वापरलेली शस्त्रे नवी नाहीत. सतराव्या-अठराव्या शतकांत दख्खनेत युरोपातून आलेल्या पात्यांना मोठी मागणी होती. लांब, सरळ, लवचिक अशा त्या पात्यांना इथले कारागीर आपल्या पद्धतीची मूठ आणि हातावर येणारी वाटी बसवत. अशा तलवारीला ‘फिरंग’ म्हणत. पाते परक्या देशातले, मूठ इथली आणि शस्त्र मात्र मराठ्यांचे. मूठ ढिली झाली वा तुटली तर तेच पाते दुसऱ्या मुठीत बसे.

नागपूरकर भोसल्यांच्या घराण्याचे संस्थापक पहिले रघुजी भोसले यांची तलवार २०२५ साली लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र शासनाने परत आणली. तिचे पाते युरोपीय घडणीचे आहे आणि पात्याच्या पाठीवर देवनागरीत सोन्याने रघुजींचे नाव कोरलेले आहे. कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांकडून १८७५-७६ च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सकडे गेलेल्या, ‘जगदंबा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तलवारीचे पातेही युरोपीयच आहे. या तलवारींना कोणी जुना माल म्हणत नाही. पाते कुठल्या भट्टीतून आले यापेक्षा ते कोणी धारण केले आणि कशासाठी, यावरून त्यांचे नाव ठरले. शस्त्राची ओळख धातूइतकीच धारण करणाऱ्यातही असते, हा या उदाहरणांचा अर्थ आहे. त्याची दुसरी बाजू अशी, की शस्त्र धारण करणाऱ्याने आपले नाव त्याच्याशी जोडून घेतलेले असते आणि मग त्या नावापासून सुटका नसते.

आधीच्या हातांचे पाप

दुसऱ्याच्या हातून आलेल्या शस्त्राबद्दल अनेकांच्या मनात एक अडखळ असते. याने कोणाचा जीव गेला असेल तर? या शंकेला व्याकरणात एक उत्तर आहे. पाणिनीने क्रियेत जो स्वतंत्र असतो त्याला कर्ता म्हटले आणि क्रिया सिद्ध करण्यास जे सर्वाधिक साहाय्य करते त्याला करण म्हटले. मराठीत आपण ‘तलवारीने मारले’ म्हणतो तेव्हा ती तृतीया करणाची असते. तलवार स्वतंत्र नाही, म्हणून दोष तिच्याकडे जात नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायातही कर्माच्या पाच कारणांत कर्ता आणि करण वेगवेगळे मोजले आहेत. त्यामुळे आधीच्या मालकाचे कर्म पोलादात साठून नव्या मालकाकडे येते, असे या परंपरेत म्हणता येत नाही.

वैदिक कर्मकांडात मात्र साधन आणि माणूस यांची गाठ अधिक घट्ट होती. यज्ञाच्या पात्रांना आणि उपकरणांना ‘यज्ञायुधे’ म्हणत आणि अग्निहोत्री मरण पावला की ती त्याच्या देहाच्या निरनिराळ्या अवयवांवर ठेवून त्याच्याबरोबर दहन करत. साधन वारशाने पुढे चालत नसे. आजचा कायदा मधला मार्ग धरतो. परवानाधारक वारला की त्याचे शस्त्र जमा करावे लागते आणि वारसाला ते आपोआप मिळत नाही. त्याने स्वतःच्या नावावर परवाना मिळवावा लागतो. शस्त्र पुढच्या हाती जाऊ शकते, अधिकार मात्र तसा जात नाही. तो प्रत्येक पिढीला नव्याने सिद्ध करावा लागतो.

साधन निर्दोष म्हटले तरी ते तयार करणारा, जोडणारा आणि पुरवणारा निर्दोष ठरतो का? इथे जैन आगमांनी केलेले वर्गीकरण विलक्षण नेमके आहे. हिंसेशी जोडलेल्या पाच क्रियांपैकी एक ‘आधिकरणिकी’, म्हणजे शस्त्रादी साधनांमुळे लागणारी क्रिया. स्थानांगसूत्रात तिचे दोन प्रकार सांगितले आहेत. शस्त्र नव्याने घडवणे ही निर्वर्तना, आणि आधीच घडलेले भाग एकत्र जोडून शस्त्र सिद्ध करणे ही संयोजना. तलवारीचे पाते आणि मूठ जोडणे हा संयोजनेचा ठळक दाखला. नवे शस्त्र आणि नवे केलेले शस्त्र यांतला भेद या आगमांनी ओळखला, त्याला नावे दिली आणि दोन्हींना एकाच क्रियेखाली ठेवले. संयोजनेला कमी किमतीची म्हणून सवलत दिली नाही. श्रावकाच्या व्रतांतही अनर्थदंडातून, म्हणजे निष्कारण हिंसेतून, विरत होताना ‘हिंसादान’ टाळायला सांगितले आहे. हिंसेची साधने दुसऱ्याला विनाकारण देणे हाही दोषच.

बौद्ध परंपरेत ही रेषा व्यापारापाशी ओढली आहे. अंगुत्तरनिकायात उपासकाने करू नयेत अशा पाच व्यापारांत शस्त्रांचा व्यापार पहिला आहे. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात देहूरोडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, आणि त्याच देहूरोडला संरक्षण उत्पादनाचा कारखानाही आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना तर १८६९ पासूनचा. या भागातील कित्येक कुटुंबांची उपजीविका संरक्षण उत्पादनावर चालली आहे. राज्याने नियमाखाली चालवलेले उत्पादन आणि खासगी नफ्यासाठी शस्त्र कोणाच्याही हाती देणे यांत फरक आहेच. तरीही ज्याच्या हातून शस्त्र पुढे जाते त्याने ते कोणाकडे जाते हे पाहिले पाहिजे, हा उपदेश दोघांनाही लागू पडतो.

काटकसर कुठवर

भारतात नवे आणि जुने यांचा हिशेब पुष्कळदा उलटा असतो. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकाला परदेशी पिस्तुलांची आयात बंद झाली. त्याआधी आलेली इंग्लिश आणि अमेरिकन रिव्हॉल्व्हरे संख्येने मर्यादित राहिली आणि हातोहात फिरत महाग झाली. देशी उत्पादन सरकारी आयुध कारखान्यांकडे होते. कानपूरचे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर त्यात प्रसिद्ध. २०१४ साली तिथूनच महिलांना डोळ्यासमोर ठेवून ‘निर्भीक’ नावाचे सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे रिव्हॉल्व्हर आले, त्याची किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन सात सरकारी कंपन्या झाल्या. त्यांतली म्युनिशन्स इंडिया पुण्यात आहे. आता काही खासगी उत्पादकही देशात पिस्तुले बनवतात. तरी जुन्या परदेशी छापाला अनेकदा कोऱ्या देशी शस्त्राहून जास्त भाव मिळतो. समंतभद्रांच्या भाषेत सांगायचे तर इथे पैसे घटाचे मोजले जातात, सोन्याचे नव्हे.

ज्याच्यापाशी पैसा बेताचा आहे त्याने काय वाचवावे आणि काय वाचवू नये, हे मात्र स्पष्ट सांगता येते. रंग, चकाकी, मुठीवरचे लाकूड, छापाची प्रतिष्ठा यांवरचा खर्च वाचवण्यात काही गैर नाही. तपासणी, चाचणी, परवाना असलेल्या कारागिराचे काम आणि चालवण्याचे शिक्षण यांवरचा खर्च वाचवता येत नाही. शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ नुसार शस्त्राची विक्री, हस्तांतरण, दुरुस्ती आणि चाचणी या सगळ्यांना परवाना लागतो. २०१६ च्या शस्त्र नियमांनी शिक्षणावर भर दिला. २०१९ च्या कायदादुरुस्तीने एका व्यक्तीकडे ठेवता येणाऱ्या अग्निशस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली. ब्रिटनमध्ये तर बंदुकीच्या नळीची प्रूफ चाचणी ही शतकांची प्रथा आहे. लंडनच्या गनमेकर्स कंपनीला १६३७ साली सनद मिळाली, बर्मिंगहॅमचे प्रूफ हाउस १८१३ सालचे. नेहमीहून अधिक दाबाचे काडतूस झाडून नळी टिकली तरच तिच्यावर ठसा उमटतो. दुरुस्तीत किंवा झिजेने नळी कमजोर झाली तर जुना ठसा चालत नाही आणि पुन्हा चाचणी झाल्याशिवाय ती विकता येत नाही. जुन्या वस्तूला नवेपण कुठून येते, याचे हे सर्वांत सोपे उत्तर आहे. तिची जबाबदारी पुन्हा कोणीतरी अंगावर घेतली, की ती नवी होते.

काटकसरीचा विचार आणखी एक पायरी मागे नेला पाहिजे. कुठले शस्त्र घ्यावे याआधी शस्त्र घ्यावे का, हा प्रश्न येतो. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायापासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ पर्यंत स्वसंरक्षणाचा हक्क मान्य आहे, पण तो संकटाच्या मापाने मर्यादित आहे. पिंपळे सौदागरच्या रहिवाशाला परवान्यासाठी पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाकडे अर्ज करावा लागतो आणि त्यात गरज सांगावी लागते. ही अट अपरिग्रहाच्या विचाराशी जुळते. वस्तू परवडते की नाही हे नंतर, तिची गरज आहे का हे आधी. शेजारी एका भिंतीपलीकडे राहतात आणि मुले एकाच जिन्यात खेळतात, अशा वस्तीत शस्त्राचा धोका एकाच घरापुरता राहत नाही. म्हणून तिथे गरजेची ही तपासणी अधिक कसोशीची हवी. न घेतलेल्या शस्त्राला तिजोरी लागत नाही, परवान्याचे नूतनीकरण लागत नाही आणि त्याच्यामुळे कोणाचा अपघात होत नाही.

खंडेनवमीचा अर्थ

आश्विन शुद्ध नवमीला, खंडेनवमीला, शस्त्रांची पूजा होते आणि भोसरी-चाकणच्या कारखान्यांत त्याच दिवशी यंत्रांची. मशीन बंद करतात, पुसून तेल देतात, हळद-कुंकू आणि झेंडूची फुले वाहतात. पंधरा वर्षे जुना लेथ आणि मागल्या महिन्यात आलेले सीएनसी मशीन यांना सारखीच फुले मिळतात. पूजेला वस्तूचे वय लागत नाही. पूजेआधी ती उघडून साफ केलेली असावी लागते आणि पूजेत हात तिच्यापुढे जोडलेले असतात. ज्या हातांना साधन चालवायचे आहे त्यांनी वर्षातून एकदा त्याच्यापुढे थांबावे, हा या दिवसाचा अर्थ आहे.

यावरून मूळ प्रश्नाचे उत्तर मिळते. उत्पादकाने तपासून, चाचणी घेऊन, आपल्या नावाने पुन्हा दिलेले शस्त्र नव्याच्या तोडीचे मानण्यास दर्शनशास्त्राचा अडथळा नाही. न्याय-वैशेषिक त्याला नवे म्हणतील, बौद्ध एक प्रवाह म्हणतील, जैन दोन्ही म्हणतील. त्याच्या आधीच्या वापराचे पाप विकत घेणाऱ्याला लागत नाही. पण स्वस्त मिळाले म्हणून त्याच्याबरोबर येणारी जबाबदारी स्वस्त होत नाही, कारण संयोजना आणि निर्वर्तना यांचे माप एकच आहे. ज्या शस्त्राची तपासणी कोणी केली हे सांगता येत नाही, ज्याचा क्रमांक खोडलेला आहे, ज्याची दुरुस्ती परवान्याबाहेर झाली आहे, ते कितीही कमी किमतीत मिळाले तरी महागच आहे. त्याच्या किमतीतला उरलेला भाग कोणीतरी तिसरा माणूस भरतो.